लाईट येते, सर्व्हर उठतो, सर्व्हिस मात्र बसलेलीच

इंदूरच्या देवास नाक्यावरच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसातली ही तक्रार आहे. मे-जूनमध्ये वादळ आलं की लाईट जाते. यूपीएसची बॅटरी जुनी, त्यामुळे कोपऱ्यातला छोटा सर्व्हर धाडकन बंद पडतो. लाईट आल्यावर तो आपोआप उठतो, पिंगला उत्तर देतो, शेअर केलेले फोल्डरही उघडतात. बिल्टी (मालाची पावती) काढायचं सॉफ्टवेअर मात्र उघडत नाही. मग बुकिंगच्या खिडकीवरून मुनीमजींचा फोन येतो, "भिया, बिल्टी नी निकल री." कुणीतरी लॉगिन करून सर्व्हिस हाताने सुरू करतं, ती पहिल्याच झटक्यात चालू होते आणि पुढच्या वादळापर्यंत विषय मिटतो.

हाताने सुरू केली की लगेच चालते, हेच या दुखण्याचं मुख्य लक्षण. त्यामुळेच ते वर्षानुवर्षं टिकतं. ज्याला सर्व्हिस सुरू करता येते त्याला कारण शोधायची गरज वाटत नाही, आणि ज्याला गरज वाटते त्या मुनीमजींकडे पासवर्ड नसतो.

मांडणी नेहमीचीच आहे. उबुंटू सर्व्हर, त्यावर पोस्टग्रेस डेटाबेस, पायथनमध्ये लिहिलेलं बिल्टीचं ॲप, आणि ते ॲप चालू ठेवण्यासाठी सिस्टमडीची (लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणारा आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणारा प्रोग्रॅम) एक युनिट फाईल, म्हणजे सर्व्हिस कशी चालवायची याच्या सूचना. सर्व्हिसचं नाव 'बिल्टी' धरून चालू. खाली आज्ञा आणि सेटिंगची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीच्या अक्षरांत टाइप करायची.

लॉगमध्ये सगळ्यात शेवटी दिसतात त्या ओळी साधारण अशा:

बिल्टी.सर्व्हिस: शेड्यूल्ड रीस्टार्ट जॉब, रीस्टार्ट काउंटर इज ॲट ५
बिल्टी.सर्व्हिस: स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली
बिल्टी.सर्व्हिस: फेल्ड विथ रिझल्ट 'एक्झिट-कोड'

लोक मधली ओळ उचलतात, शोधतात, आणि तिथे मिळालेलं पहिलं उत्तर चिकटवतात. पण ती ओळ तुमच्या ॲपबद्दल काहीच सांगत नाही. ती सिस्टमडी स्वतःबद्दल सांगतोय: मी ठरलेल्या वेळा प्रयत्न केला, आता थांबलो. देखरेख करणारा कुठलाही प्रोग्रॅम हमालांच्या मुकादमासारखा असतो. माणूस उभा आहे की पडला एवढं तो बघतो. का पडला, हे त्याच्या वहीत नसतं.

तो कधी थांबतो याचा हिशेब मात्र पक्का आहे. सिस्टमडीत काही बदललं नसेल तर १० सेकंदांच्या खिडकीत ५ वेळा सुरू करायची परवानगी असते, सहावी नाकारली जाते. दोन प्रयत्नांमधली विश्रांती असते १०० मिलिसेकंद, म्हणजे जवळजवळ नाहीच. ॲपला मरायला एक सेकंद लागत असेल तर पाच-सहा सेकंदांत पाचही प्रयत्न संपतात आणि सर्व्हिस 'फेल्ड' होऊन पडते. त्यानंतर सिस्टमडी तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. विसाव्या सेकंदाला डेटाबेस तयार झाला तरी उपयोग नाही.

याच हिशेबाची दुसरी बाजू गमतीची आहे. प्रत्येक प्रयत्नाला विश्रांतीसकट दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागत असेल, तर १० सेकंदांत पाच प्रयत्न कधी भरतच नाहीत आणि सिस्टमडी न कंटाळता प्रयत्न करत राहतो. जुन्या संथ मशीनवर ॲपला नुसतं उघडायलाच तीन सेकंद लागायचे, म्हणून ते उशिरा का होईना लागायचं. नवा वेगवान सर्व्हर आणला आणि तेव्हापासून त्रास सुरू झाला असं कुणी सांगितलं, तर त्याला वेड्यात काढू नका.

आता शोध. पहिली गोष्ट, फोन आला म्हणून लगेच रीस्टार्ट करू नका. बिल्टी अडली आहे, खाली ट्रक उभा आहे, हे मान्य. पण दोन मिनिटं द्या आणि आधी हे बघा:

सिस्टमसीटीएल स्टेटस बिल्टी
जर्नलसीटीएल -बी -यू बिल्टी

पहिली आज्ञा फक्त शेवटच्या काही ओळी दाखवते, आणि शेवटच्या ओळी बहुतेक वेळा निरुपयोगी असतात. खरं काम दुसरीचं. तिच्या अगदी वरून वाचायला लागा आणि पहिला मृत्यू शोधा. पाचवा नको. पहिल्या वेळी ॲपने मरताना जे म्हटलं ते सगळ्यात खरं असतं. नंतरच्या प्रयत्नांत कधीकधी वेगळाच कचरा मिसळतो, जसं की आधीच्या प्रयत्नातली अर्धवट लॉक फाईल.

'-बी' म्हणजे या वेळच्या बूटपासूनचं. तारीख-वेळ देऊन शोधण्यापेक्षा हे बरं, कारण लहान ऑफिसांतल्या मशीनमध्ये मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल बऱ्याचदा संपलेला असतो. लाईट गेली की घड्याळ मागे जातं, नेट आल्यावर पुन्हा पुढे उडी मारतं, आणि 'सकाळी ९ नंतरचं दाखव' म्हटलं तर नेमक्या हव्या त्याच ओळी गळतात. सेल किरकोळ किमतीत मिळतो, बदलून टाका. मागे गेलेल्या घड्याळामुळे प्रमाणपत्रं 'अजून वैध नाहीत' असंही ऐकायला मिळतं, तो वेगळाच ताप.

मागच्या बूटचं हवं असेल तर '-बी -१'. त्यावर 'काही सापडलं नाही' असं उत्तर आलं तर तुमचं जर्नल, म्हणजे सिस्टमडीचा लॉग, फक्त मेमरीत ठेवलं जातंय. मूळ सेटिंग 'ऑटो' असेल तर /व्हार/लॉग/जर्नल ही डिरेक्टरी आहे की नाही, यावरच ते ठरतं. ती तयार करा, जर्नल लिहिणारी जर्नलडी ही सर्व्हिस रीस्टार्ट करा, पुढच्या वेळेपासून नोंदी टिकतील. वारंवार येणाऱ्या बिघाडात ही पहिली दुरुस्ती. मागच्या खेपेचा पुरावा नसेल तर प्रत्येक खेप पहिलीच ठरते.

इथे ॲपच्या पहिल्या मृत्यूच्या जागी ही ओळ होती:

फेटल: द डेटाबेस सिस्टम इज स्टार्टिंग अप

आणि त्याच वेळेच्या पोस्टग्रेसच्या लॉगमध्ये लिहिलेलं होतं की डेटाबेस नीट बंद झाला नव्हता, स्वयंचलित रिकव्हरी चालू आहे. इथे सगळं जुळतं.

पोस्टग्रेस नीट बंद केला तर बंद होताना तो चेकपॉइंट घेतो, म्हणजे मेमरीतलं सगळं डेटा फाईलींमध्ये उतरवतो. पुढच्या वेळी उठायला त्याला क्षणभर लागतो. वीज गेल्यावर मात्र उठताना त्याला शेवटच्या चेकपॉइंटपासूनची डब्ल्यूएएल, म्हणजे आगाऊ लिहून ठेवलेली नोंदवही, परत चालवावी लागते. त्याआधी तो डेटा डिरेक्टरीतल्या सगळ्या फाईली डिस्कवर पक्क्या करून घेतो. टेबलं हजारोंनी असतील तर यातही वेळ जातो. चेकपॉइंटची मूळ मुदत ५ मिनिटांची असते, त्यामुळे बुकिंगच्या गर्दीत लाईट गेली तर काम जास्त, पहाटे गेली तर जवळजवळ शून्य. संध्याकाळच्या वादळानंतर सर्व्हिस बसते आणि पहाटे लाईट गेली तर बसत नाही, या कोड्याचं उत्तर हेच. या मधल्या वेळात पोस्टग्रेस पोर्टवर ऐकत असतो, पण येणाऱ्याला वरचं उत्तर देऊन परत पाठवतो. त्या उत्तराचा कोड ५७पी०३.

हा फरक ध्यानात ठेवा. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर त्या पत्त्यावर, त्या पोर्टवर ऐकणारा कुणीच नाही. 'स्टार्टिंग अप' आलं तर घरात माणूस आहे, पण अजून आवरतोय. पहिल्यात पत्ता, पोर्ट आणि डेटाबेसची सर्व्हिस तपासायची. दुसऱ्यात फक्त थांबायचं.

दुरुस्त केल्यावर लोक चाचणी घेतात ती 'रीबूट' टाइप करून. ती चाचणी इथे कुचकामी आहे, कारण तो नीट शटडाउन असतो आणि रिकव्हरी होतच नाही. चाचणीच्या मशीनवर पोस्टग्रेस 'इमिजिएट' पद्धतीने बंद करा. तो चेकपॉइंट न घेता थांबतो आणि पुढच्या वेळी रिकव्हरीतूनच उठतो. चाचणीचा डेटाबेस लहान असेल तर रिकव्हरी डोळ्याची पापणी लवायच्या आत संपेल. मग सरळ पोस्टग्रेस बंद ठेवून ॲप सुरू करा आणि अर्ध्या मिनिटाने पोस्टग्रेस चालू करा. आपल्याला बघायचंय ते एवढंच की ॲप तोवर तग धरतं की नाही. चालू कामाच्या सर्व्हरचा प्लग ओढून चाचणी घेणारे महाभागही असतात. त्यांच्याबद्दल काय बोलावं.

उपायांपैकी सर्रास केले जाणारे तीन मला पटत नाहीत.

पहिला, सुरुवातीला 'स्लीप ३०' टाकणं. तीस सेकंद हा आकडा कुठून आला हे कुणालाच माहीत नसतं. रिकव्हरी चाळीस सेकंद चालली की परत तेच, आणि बाकीच्या दिवशी उगाच अर्धा मिनिट वाया. दुसरा, क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम) दर पाच मिनिटांनी 'ॲप चालू नसेल तर चालू कर' अशी स्क्रिप्ट. हा सगळ्यात वाईट, कारण ती स्क्रिप्ट ॲप सिस्टमडीला न सांगता सुरू करते. आता पोर्ट त्या प्रोसेसने धरलेला, सिस्टमडीच्या लेखी सर्व्हिस मेलेली. पुढे कुणी रीस्टार्ट केलं की 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज'. तिसरा, सुरू करण्याच्या मर्यादेचा कालावधी शून्य करून मर्यादाच काढून टाकणं. याने ॲप लागतं हे खरं. पण ज्या दिवशी कॉन्फिगमध्ये खरोखर चूक होईल त्या दिवशी ते सेकंदाला अनेकदा मरत राहील, जर्नल भरत राहील, आणि कुणाला कळणार नाही.

योग्य जागा दोन. पहिली ॲपमध्येच: डेटाबेस मिळाला नाही तर मरण्याऐवजी थोडं थांबून परत विचारायचं. कोड तुमच्या हातात असेल तर हेच करा. दिवसाढवळ्या पोस्टग्रेस रीस्टार्ट झाला तरी यामुळे ॲप वाचतं, आणि ते काम कुठलीही युनिट फाईल करू शकत नाही. पण या ऑफिसात ॲप बाहेरून बनवून घेतलेलं, बनवणारा आता फोन उचलत नाही, म्हणून दुसरी जागा: युनिट फाईल.

मूळ फाईलला हात लावू नका. 'सिस्टमसीटीएल एडिट बिल्टी' म्हणा; वेगळी ओव्हरराइड फाईल उघडते. त्यात:

[युनिट]
वॉन्ट्स=पोस्टग्रेएसक्यूएल.सर्व्हिस
आफ्टर=पोस्टग्रेएसक्यूएल.सर्व्हिस
स्टार्टलिमिटइंटरव्हलसेक=६००
स्टार्टलिमिटबर्स्ट=५

[सर्व्हिस]
एक्झेकस्टार्टप्री=/यूएसआर/लोकल/बिन/डेटाबेसची-वाट
रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर
रीस्टार्टसेक=१०

'वॉन्ट्स' आणि 'आफ्टर' ही दोन वेगळी कामं आहेत, आणि निम्मे घोटाळे इथेच होतात. 'वॉन्ट्स' म्हणजे त्यालाही सोबत उठव. 'आफ्टर' म्हणजे दोघं उठणार असतील तर माझा नंबर नंतर. नुसतं 'वॉन्ट्स' लिहिलं तर दोन्ही एकाच क्षणी सुरू होतात. नुसतं 'आफ्टर' लिहिलं आणि पोस्टग्रेस एनेबलच (बूटवर आपोआप उठेल असा) केलेला नसेल तर त्याला कुणी उठवतच नाही.

मग 'आफ्टर' लिहिल्यावर वेगळी वाट कशाला? कारण 'सुरू झाला' म्हणजे काय, हे त्या-त्या सर्व्हिसच्या युनिटवर ठरतं. डेबियन-उबुंटूवर पोस्टग्रेएसक्यूएल.सर्व्हिस ही नुसती छत्री आहे. ती काही चालवत नाही, तिचं स्टेटस बघाल तर 'ॲक्टिव्ह (एक्झिटेड)' दिसतं आणि नवखा माणूस घाबरतो. खरा डेटाबेस आवृत्ती आणि क्लस्टरच्या नावाच्या वेगळ्या युनिटमध्ये चालतो. त्या युनिटमध्ये सुरू करायच्या आज्ञेपुढे वजाचं चिन्ह आहे, म्हणजे ती वेळेत जमली नाही तरी अपयश मानू नको. रिकव्हरीला कितीही वेळ लागू शकतो म्हणून मुद्दाम तसं ठेवलंय. थोडक्यात, रिकव्हरी लांबली तर 'आफ्टर' असूनही तुमचं ॲप आधीच धावत सुटू शकतं. डेटाबेस दुसऱ्या मशीनवर असेल तर 'आफ्टर'चा प्रश्नच येत नाही. त्या मशीनवर काय चाललंय हे या सिस्टमडीला कळायला मार्गच नाही.

'डेटाबेसची-वाट' ही दहा ओळींची शेल स्क्रिप्ट आहे. ती पीजी_इझरेडी ही आज्ञा चालवते. उत्तर ० आलं तर ० देऊन बाहेर. नाहीतर दोन सेकंद झोप, परत विचार, असं तीस वेळा. तरीही जमलं नाही तर १ देऊन बाहेर. पीजी_इझरेडीची उत्तरं ठरलेली आहेत: ० म्हणजे जोडणी घेतोय, १ म्हणजे आहे पण नाकारतोय (आपली रिकव्हरीची अवस्था), २ म्हणजे उत्तरच नाही, ३ म्हणजे विचारायचा प्रयत्नच झाला नाही, बहुधा पॅरामीटर चुकलेत. तिला वेळमर्यादेचा पर्याय आहे, पण तो एका प्रयत्नापुरता. रिकव्हरी संपेपर्यंत ती थांबत नाही. म्हणून फेरी आपणच लिहायची. आणि ॲप ज्या पत्त्याने जोडतं त्याच पत्त्याने विचारा. होस्ट दिला नाही तर ती युनिक्स सॉकेटवर (त्याच मशीनवरची फाईलसारखी जोडणी) विचारते, ॲप मात्र लोकलहोस्टच्या ५४३२ पोर्टवर जात असेल, आणि एक खुलं असून दुसरं बंद असू शकतं.

ही वाट बघणंही सर्व्हिस सुरू होण्याच्या वेळेत धरलं जातं, आणि ती मर्यादा मुळात ९० सेकंदांची असते. आपली फेरी साठ सेकंदांची आहे म्हणून बसते. ती वाढवायची असेल तर 'टाइमआउटस्टार्टसेक'ही वाढवा, नाहीतर सिस्टमडी तुमच्या स्क्रिप्टलाच मारेल आणि लॉगमध्ये 'टाइमआउट' हा नवा पाहुणा येईल.

६०० आणि ५ हे आकडे हवेतून आलेले नाहीत. एका फसलेल्या प्रयत्नाला साठ सेकंद वाट आणि दहा सेकंद विश्रांती, म्हणजे सत्तर. पाच प्रयत्न झाले साडेतीनशे सेकंद, सहाशेच्या आत. म्हणून डेटाबेस खरोखरच मेला असेल तर सहा मिनिटांच्या आसपास सर्व्हिस 'फेल्ड' होईल, आणि ते व्हायलाच हवं. हेच तुम्ही इंटरव्हल ३०० ठेवून केलं तर पाच प्रयत्न त्यात कधी मावणार नाहीत, मर्यादा असून नसल्यासारखी.

दोन बारीक सापळे. सुरू करण्याच्या मर्यादेच्या दोन्ही ओळी आता [युनिट] विभागात जातात. जुन्या लेखांत त्या [सर्व्हिस]मध्ये दिसतात. 'स्टार्टलिमिटइंटरव्हलसेक' तिथे लिहिलं तर जर्नलमध्ये 'अननोन की नेम… इग्नोरिंग' अशी ओळ येते आणि सेटिंग गपचूप सोडून दिलं जातं. 'सिस्टमडी-ॲनालाइझ व्हेरिफाय' युनिटच्या नावावर चालवलं की असल्या चुका आधीच सापडतात. आणि ओव्हरराइडमध्ये 'एक्झेकस्टार्ट' बदलायचं असेल तर आधी एक रिकामी 'एक्झेकस्टार्ट=' ओळ लागते, मग नवी. 'एडिट' वापरलं तर फाईल परत वाचली जाते. हाताने बदलली असेल तर 'डेमन-रीलोड' करा, नाहीतर जुनंच चालू राहील. अडकलेली सर्व्हिस मोकळी करायला 'सिस्टमसीटीएल रीसेट-फेल्ड बिल्टी', मग स्टार्ट.

तुमच्याकडे 'रिपीटेड टू क्विकली' तेच आहे पण पहिला मृत्यू वेगळा आहे, असंही होईल. स्टेटसमधला आकडा बरंच सांगतो. २०० पासून पुढचे काही आकडे सिस्टमडीचे स्वतःचे आहेत, म्हणजे तुमचं ॲप सुरूही झालेलं नाही.

२०३ म्हणजे फाईल चालवता आली नाही. रस्ता चुकला, चालवायची परवानगी दिलेली नाही, किंवा पहिल्या ओळीतला इंटरप्रिटर सापडत नाही. शेवटचं कारण आपल्याकडे फार: स्क्रिप्ट विंडोजवर नोटपॅडमध्ये दुरुस्त करून चढवलेली असते, ओळीच्या शेवटी एक न दिसणारं अक्षर येतं, आणि लिनक्स त्या अक्षरासकट इंटरप्रिटर शोधत बसतो. २१७ म्हणजे ज्या युझरच्या नावाने चालवायचंय तो युझरच नाही. २०० म्हणजे कामाची डिरेक्टरी नाही. बाहेरची डिस्क किंवा नॅस (नेटवर्कवरचं स्टोरेज) अजून माउंट झालेला नसेल तर हे येतं, आणि लाईट गेल्यानंतर नॅस सर्व्हरपेक्षा उशिराच उठतो. त्यासाठी 'रिक्वायर्समाउंट्सफॉर' हे सेटिंग आहे, तिथे तो रस्ता लिहा. २२६ बहुधा सुरक्षेच्या सेटिंगमध्ये लिहिलेली डिरेक्टरी अस्तित्वात नसल्यामुळे येतो.

'किल्ड, स्टेटस=९' दिसलं तर कर्नलचा लॉग बघा; मेमरी संपल्यावर कर्नलने बळी घेतला असेल. जावाचं ॲप नीट बंद केलं तरी १४३ देतं आणि सिस्टमडी त्याला अपयश समजतो. १४३ हे यश आहे असं 'सक्सेसएक्झिटस्टेटस'मध्ये सांगून टाका.

आणि युनिटमधलं 'टाइप' हे सेटिंग. ॲप स्वतःहून मागे (बॅकग्राउंडला) जाऊन बसणारं असेल, पण युनिटमध्ये 'सिंपल' लिहिलं असेल, तर पहिली प्रोसेस संपल्याबरोबर सिस्टमडी समजतो की काम संपलं, आणि मागे राहिलेल्या पोरांनाही (चाइल्ड प्रोसेसना) मारून टाकतो. उलट, समोर उभं राहणाऱ्या ॲपला 'फोर्किंग' लिहिलं तर ते दीड मिनिट उत्तम चालतं आणि नव्वदाव्या सेकंदाला मारलं जातं. दर दीड मिनिटाने पडणारी सर्व्हिस दिसली की आधी हेच बघायचं. साधा नियम: ॲपला समोर चालायला सांगा, मागे नेण्याचं काम सिस्टमडीचं.

टर्मिनलमध्ये चालतं, सर्व्हिस म्हणून मरतं, याची एक खास आपली आवृत्तीही आहे. पार्टीचं नाव देवनागरीत असतं, ॲप ते प्रिंट करतं, आणि पायथन ३.६ किंवा त्याआधीचा असेल तर 'ॲस्की कोडेक कान्ट एन्कोड' म्हणत कोसळतं. तुमच्या लॉगिनमध्ये भाषेचं सेटिंग यूटीएफ-८ असतं, सर्व्हिसला तुमचं लॉगिन मिळत नाही, लॉगिनच्या वेळी वाचली जाणारी बॅशआरसी ही सेटिंगची फाईल तर नाहीच नाही. म्हणून इंग्रजी नावाच्या पार्ट्यांच्या बिल्ट्या दिवसभर निघतात आणि एखादे 'श्री गजानन रोडलाइन्स' आले की सर्व्हिस खाली. युनिटमध्ये एन्व्हायर्नमेंट म्हणून 'पायथनआयओएन्कोडिंग=यूटीएफ-८' द्या. २०१८ च्या ३.७ पासून पायथनने हे बरंचसं स्वतःच सांभाळलंय.

सिस्टमडीऐवजी सुपरवायझरडी हा देखरेखीचा दुसरा प्रोग्रॅम वापरत असाल तर नावं बदलतात, दुखणं तेच. तिथे 'एक्झिटेड टू क्विकली' येतं, अवस्था 'बॅकऑफ' आणि शेवटी 'फेटल'. मूळ सेटिंगमध्ये प्रोसेस १ सेकंद टिकली तर ती सुरू झाली असं धरतात, आणि ३ वेळा परत प्रयत्न होतो. फेटल झाल्यावर तोही हात लावत नाही. एक प्रोसेस दुसरीवर अवलंबून आहे म्हणून डेटाबेसची वाट बघण्याची सोय त्यात नाही. वरची स्क्रिप्ट ॲपच्या आज्ञेच्या आधी बसवावी लागते, आणि शेवटची ओळ 'एक्झेक'ने सुरू करावी लागते. ते 'एक्झेक' विसरलं तर थांबवायचा सिग्नल शेलला जातो, ॲप अनाथ होऊन पोर्ट धरून बसतं. 'स्टॉपॲझग्रुप' आणि 'किलॲझग्रुप' चालू केल्याने तेही आवरतं. रनिट आणि डेमनटूल्स हे अशाच कामाचे प्रोग्रॅम मात्र हार मानत नाहीत. सेकंदभर थांबून पुन्हा उठवत राहतात. त्यांच्यावर वादळानंतर ॲप आपोआप लागतं, पण कॉन्फिग चुकली तर दिवसभर शांतपणे आपटत राहतं.

बॅटरीबद्दल एक. नवी बॅटरी टाकून विषय संपत नाही, यूपीएसची डेटा केबल सर्व्हरला जोडून नट किंवा एपीसीयूपीएसडी हा यूपीएसवर लक्ष ठेवणारा प्रोग्रॅम बसवला तरच सर्व्हरला लाईट गेल्याचं कळतं. आणि बंद व्हायला लागणारा वेळ मोजा. एखादी सर्व्हिस थांबायचा सिग्नल ऐकत नसेल तर तिच्यासाठी सिस्टमडी मुळात ९० सेकंद थांबतो, मगच बळजबरीने मारतो. बॅटरी दोन मिनिटांची असेल तर त्यातली दीड मिनिटं एका हट्टी सर्व्हिसनेच खाल्ली.

दुरुस्तीनंतर लक्ष ठेवायला ही आज्ञा पुरते:

सिस्टमसीटीएल शो बिल्टी -पी एनरीस्टार्ट्स

किती वेळा आपोआप उठवावं लागलं तो आकडा येतो. लाईट गेल्यानंतर ० असेल तर वाट बघणारी स्क्रिप्ट पुरली. १ किंवा २ असेल तर रिकव्हरीला एका मिनिटापेक्षा जास्त लागतंय, फेरी वाढवा. वादळ नसताना तो वाढत असेल तर ॲपमध्ये दुसरंच काही आहे. 'ऑनफेल्युअर' हे वेगळं सेटिंग लावून सर्व्हिस पडल्यावर मोबाइलवर संदेश पाठवायची सोयही करता येते. फक्त तो संदेश सर्व्हिस 'फेल्ड' झाल्यावरच निघतो, आणि न थकता रीस्टार्ट होणारी सर्व्हिस फेल्ड कधी होतच नाही. म्हणून सहाशे आणि पाचचा तो हिशेब आधी, संदेशाची सोय नंतर.